डोलमाच्या आईने फोन बाहेर ठेवायला लावला

बायलकुप्प्याला, कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत, जायचं ठरलं ते कॅन्टीनमध्ये. बेंगळुरूत राजाजीनगरच्या एका नर्सिंग होममध्ये मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आमच्याकडे एक तिबेटी नर्स आहे, तिला इथे डोलमा म्हणू. एका दुपारी ती समोर येऊन बसली. "अक्का, माझ्या आईला बघायला घरी याल का? पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता पुन्हा रक्त जातंय."

"मग तिला इकडेच घेऊन ये की."

"ती दवाखान्याची पायरी चढत नाही. मला नाडीसुद्धा बघू देत नाही."

पोटची पोरगी नर्स, आणि तिलाच हात लावू द्यायचा नाही? कारण विचारलं तर म्हणाली, "तिच्याकडूनच ऐका." ही काहीतरी लपवतेय, असं मनात धरूनच मी सुट्टी टाकली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: मैसूर रोडच्या सॅटेलाइट स्टँडवरून मडिकेरीची बस पकडायची आणि कुशालनगरला उतरायचं. साधी बस स्वस्त पडते, पण कंबरेची किंमत धरलीत तर एसी बसच परवडते. वाटेत ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली. हुणसूरच्या पुढे तंबाखूची शेतं लागली. मी निपाणीची, त्यामुळे तो वास आला आणि उगाच घरी आल्यासारखं वाटलं.  कुशालनगरच्या स्टँडवर डोलमाने आपली बॅग तपासली आणि नर्सिंग होमचं ओळखपत्र काढून माझ्याकडे दिलं. "हे घरात दिसायला नको," म्हणाली.

रिक्षावाल्याने वस्तीतल्या बौद्ध मंदिरापर्यंत ठरलेला दर सांगितला, त्यात घासाघीस होत नाही. भारतीयांना वस्तीत जायला परवाना लागत नाही, परदेशी पाहुण्यांना राहायचं असेल तर लागतो. दुतर्फा मका आणि वर रंगीत पताका. सोनेरी मंदिराचे फोटो तुम्ही शेकडो ब्लॉगवर पाहिले असतील, म्हणून मी टाकत नाही. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं आणि मागच्या वस्तीकडे वळलो.

आई दारातच उभी होती. साठी ओलांडलेली, काटक बाई. तिबेटी आणि कन्नड तिला दोन्ही येतात, म्हणून आमचं बोलणं थेट कन्नडमध्येच झालं.

"फोन बाहेर," ती म्हणाली.

मी फोन ओट्यावरच्या डब्यात ठेवला. मग तिने माझी पिशवी उघडायला लावली. बीपीचं यंत्र, हातमोजे, बिस्किटांचा पुडा. हातमोजे तिने चिमटीत धरून बाजूला ठेवले.

"तुला कुणी पाठवलं?"

"तुमच्या मुलीने."

"तिला कुणी सांगितलं?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढा प्रवास करून यायचं आणि वर उलटतपासणी. पण डोलमाने थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, वाढला, आणि वाफेवर फुंकर मारत आई आपणहूनच बोलायला लागली.

तिबेटमधल्या तिच्या गावाला लागूनच चिनी सैन्याची छावणी होती. डोलमा अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. बायकांना तपासणीसाठी म्हणून ट्रकमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. दाराशी सैनिक उभे होते. हिला झोपेचं इंजेक्शन दिलं. जागी झाली तेव्हा पोटात कळा येत होत्या. काय केलं, कुणी सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती.

"नंतर मूल राहिलं नाही," ती म्हणाली. "आम्ही नेपाळमार्गे इकडे आलो. इकडेही राहिलं नाही. नवऱ्याला वाटायचं, मीच चोरून कसलं औषध घेते. मरेपर्यंत त्याचा माझ्यावर संशय होता."

डोलमाने मान खाली घातली. हे तिनेही पुरतं ऐकलेलं नव्हतं.

मी हात लावायचं नाव काढलं नाही. एक्स-रे काढू म्हटलं, आत काही ठेवलेलं असेल तर दिसेल. कपडे अंगावर राहतील, दार उघडं राहील, कुणी शिवणार नाही. तिने कन्नडमध्ये होकार दिला. "सरी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुशालनगरला एक्स-रे काढला. ओटीपोटात पांढरी गोल कडी लख्ख दिसत होती. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायची जुन्या पद्धतीची स्टीलची कडी. आपल्याकडच्या तांबीला दोरा असतो, तो बाईच्या हाताला लागतो. हिला दोराच नव्हता. बाईला कळायचं कसं?

मी समजावून सांगितलं. आईने फिल्म उजेडाकडे धरली.

"म्हणजे मी वांझ नव्हते?"

"नव्हता, अम्मा."

ती खाली बसली. डोलमा शेजारी टेकली, तेव्हा पहिल्यांदा आईने तिचा हात आपल्या हातात घेतला.

बेंगळुरूला यायला ती तयार झाली, पण अटींवर. झोपवायचं नाही. खोलीत पुरुष नको. प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. आम्ही कंबरेखालचाच भाग बधिर केला, डोलमा उशाशी थांबली, आणि मी एकेक पायरी बोलून दाखवत कडी काढली. गर्भाशयाच्या अस्तराच्या तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला नाही.

कडी बघून ती एवढंच म्हणाली, "इतकी लहान?"

अशा बायकांच्या साक्षी नोंदवणारे लोक आहेत, हे मी तिला सांगितलं. तुमच्या शरीरावर तुम्हाला न विचारता जे केलेलं आहे, ते सांगायचा तुम्हाला हक्क आहे, म्हटलं. ती थंडपणे म्हणाली, "माझी बहीण अजून तिकडे आहे. हक्क मी सांगायचा आणि त्यांनी दार तिचं ठोठावायचं."  मी बायलकुप्प्याला जाताना तिला संशयी म्हातारी समजून गेले होते. तिच्या संशयाला पत्ता होता, माणसं होती.

टाके नव्हते, त्यामुळे ती लवकर परतली. जायच्या आधी माझ्या घरी जेवायला आली. भाकरी आणि पिठलं आवडलं, तिखट मात्र स्वल्प कमी हवं होतं. मी विचारलं, हे सगळं लिहू का? तिने उलट विचारलं, "तुझं लिहिलेलं कोण वाचतं?"

"मला माहीत नाही, अम्मा."

खरं उत्तर तिला पटलं असावं. तिने अटी सांगितल्या: गावाचं नाव नको, बहिणीचा उल्लेख फक्त बहीण म्हणून. मुलीला डोलमा म्हण, आमच्यात गल्लोगल्ली डोलमा आहेत.

मग ताटात हात धुताना तिने एक नाव उच्चारलं. दुसरं मूल झालं असतं तर तिने आणि नवऱ्याने ठरवून ठेवलेलं. डोलमाने ते हळूच परत म्हणून बघितलं. ते मी इथे लिहिलेलं नाही.