नंबरवाल्यांचा धोबी

पाखराच्या पायात कडी घातली की सोडण्याआधी नंबरवाले त्याला बजावत, "हं, मिळाल्याची सही करा आणि निघा." हे बोलताना हसत नसत. देहूरोडच्या लष्करी डेपोत ते स्टोअरकीपर होते आणि मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. नंबर पडल्याशिवाय त्यांच्या हातून साधा पानासुद्धा बाहेर जात नसे, म्हणून हे नाव. वहीत शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द असत, 'जमा' किंवा 'गहाळ'. रकाना रिकामा दिसला तर त्यांना जेवण जात नसे.

अशा माणसाला पक्ष्यांचा नाद कुठून लागला, कोण जाणे. मुंबईच्या एका संस्थेकडून त्यांना नंबर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक कड्या येत. दर रविवारी ते सायकलवरून मोशीला जात आणि इंद्रायणीच्या काठी जाळं लावत. मीही जाई, पक्ष्यांसाठी नव्हे, वहिनी डब्यात थालीपिठं देत म्हणून.

थंडीत उत्तरेकडून येणारा, सारखी शेपटी हलवणारा धोबी पक्षी त्यांचा लाडका. "दरसाल हाच गडी ह्याच खडकावर येतो," असं ते छातीठोकपणे सांगत. डेपोत त्याची टिंगल होई. मीही म्हणालो होतो, "सगळे धोबी सारखेच दिसतात. उगाच नातं जोडू नका."

"म्हणून तर नंबर घालायचा, राव!"

त्या माघात त्यांनी त्या खडकावरच्या धोब्याला कडी घातली. पुढच्या दिवाळीपासून त्याची वाट पाहणं सुरू झालं. जाळ्यात धोबी येत, पण बिनकडीचे. दर सोमवारी मी न चुकता विचारी, "काय, आलं का गिऱ्हाईक?"

होळीच्या सुमारास आम्ही मोशीत एका घरी पाणी प्यायला थांबलो. ओट्यावर दोनेक वर्षांची मुलगी खेळत होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली कडी होती. नंबरवाल्यांनी चष्मा पुसला आणि वाकून नंबर वाचला. त्यांच्या धोब्याचाच होता.

"ही कुठं मिळाली, बाई?"

"संक्रांतीच्या आदी नदीवर मेल्यालं पाखरू घावलं, त्याच्या पायात व्हती," तिची आई म्हणाली. "पोर तापानं फणफणली व्हती. ही बांधली अन् ताप उतरला बगा. देवानंच धाडली म्हनायची. न्हाई तर पाखराच्या पायात कडी कोन घालतंय?"

नंबरवाले पाणी प्यायले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सायकलवर बसले.

त्यांनी मुंबईला कळवलं. उत्तर आलं: नुसता नंबर चालणार नाही, कडी पाठवा, तरच नोंद होईल. मी म्हणालो, "त्या पोरीला दुसरी कडी देऊ आणि ही आणू."

"दुसरीला गुण येईल, ही हमी तुम्ही घेता?"

कडी हातात नसताना बोलायचं नाही, हा त्यांचा खाक्या, त्यामुळे डेपोत त्यांनी अवाक्षर काढलं नाही आणि टिंगल चालूच राहिली. त्यांचा धोबी खरंच त्याच नदीवर परत आला होता, हे मला माहीत होतं. मी चारचौघांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

नंबरवाले गेल्यावर वहिनींनी त्यांची पक्ष्यांची वही मला दिली. मी आधी तो नंबर शोधला. शेऱ्याच्या रकान्यात 'जमा' नव्हतं, 'गहाळ'ही नव्हतं. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वापरात'.