उजेडाच्या पुढं कोण?

मास्तरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. बारामतीजवळच्या आमच्या हायस्कुलातले निम्मे किस्से सायन्सच्या लेले मास्तरांचे. रशियाने उपग्रह सोडला, तेव्हा ते टेंपररी होते. नोकरी कायम झाल्याशिवाय इंदापूरचे सासरे मुलीला नांदायला पाठवत नव्हते. आणि कायम करणं शाळा कमिटीचे चेअरमन आबा यांच्या हातात!

*

आबा उसाचे बागायतदार. एकदा पाटाच्या कडेला लेले त्यांना म्हणाले, "प्रकाशाच्या पुढे काहीच जाऊ शकत नाही."

आबा म्हणाले, "पाटाला पानी सुटलं की मी घोडीवर बसतो आन् पान्याच्या आधी वावरात पोचतो. पानी कुठं आडवतं मला?"

लेले दोन दिवस नीट जेवले नाहीत.

*

पिंपळीचे तात्या वांगी पिकवत. लेल्यांनी त्यांना समजावलं, की प्रकाशाच्या पुढे गेलं तर आज निघून काल पोचायची पाळी येईल.

तात्यांनी तंबाखू मळली. "म्हंजे आज तोडलेली वांगी कालच्या बाजारात. मग काल सांजच्याला झाडावर बघितली, ती कंची?"

"हीच तर अडचण आहे!" म्हणत लेल्यांनी भर बाजारात त्यांना मिठी मारली. पुढे कित्येक दिवस तात्या त्यांना बघून रस्ता बदलत.

*

आणि एकदा आबांनीच गावच्या सभेत ठोकून दिलं, की आपल्या शाळेची पोरं उजेडाच्या पुढं विमान नेतील. त्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग. हेडमास्तरांनी लेल्यांना बजावलं, "एक दिवस 'हो' म्हणा. बायको घरी येईल."

आबांनी आधी हेडमास्तरांना विचारलं, "उजेडाच्या पुढं जाता येतं का न्हाय?"

"अगदी येतं, आबा. थोड्या वर्षांचा प्रश्न."

मग लेले उठले. "नाही येत, आबा. वेग वाढवावा तसं वजन वाढत जातं. मग रेटायला जगातलं सगळं बळ पुरत नाही."

आबा म्हणाले, "गाडी पळवावी तसा गाडीतला ऊस वाढत जातो, असंच ना? मग बैल मरंल, पर गाडी जायची न्हाय." आणि त्यांनी लेल्यांना कायम करायच्या कागदावर सही केली.

"मी तेच म्हणत होतो, आबा," हेडमास्तर म्हणाले.

आबा लेल्यांकडे वळले. "मास्तर, पुन्यांदा इचार करा. हेडमास्तर आत्ता फिरले, तवा उजेड कुठवर पोचला हुता?"