चार वर्षांत एम.कॉम.

आमच्या प्राचार्यांना गतीचं फार वेड. स्वतः ते कोणत्याही कार्यक्रमाला वेळेवर आल्याचं कुणाला आठवत नाही, पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी आम्हाला सभागृहात बसवून सांगितलं, की आता पाच वर्षांचं शिक्षण चार वर्षांत होईल. तिसऱ्या वर्षीच एम.कॉम. अकाउंटिंगचे काही विषय घ्यायचे, त्यांचे क्रेडिट पुढे धरले जातील, आणि पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर. विद्यापीठाची कल्पना वाईट नव्हती. ती आमच्या कॉलेजच्या हाती लागली, हे वाईट झालं.

माझं गाव सिहोऱ्याच्या पलीकडे. घरी धानाची शेती, आणि माझ्या लग्नाची घाई झालेले एक मामा. बाबांनी योजना शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, "एक साल वाचते ना? मंग घे. तुह्या मामाले तेवढंच बोलाले कमी." माझ्या प्रवेशामागचा शैक्षणिक विचार एवढाच.

वर्गात नाकाडोंगरीकडची एक मुलगी होती. तिचे वडील खाणीत मजूर. ती कमी बोलायची आणि न समजलेलं समजल्यासारखं दाखवायची नाही. त्या कॉलेजात हा गुण दुर्मीळ होता, प्राध्यापकांतही. तिनंही नाव दिलं आणि तुमसरच्या बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत आम्ही बरोबर जाऊ लागलो.

एम.कॉम.चे विषय शिकवायला तासिका तत्त्वावर एक तरुण सर आले. चांगले शिकवायचे, म्हणून दिवाळीनंतर त्यांना नागपूरला नोकरी लागली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सहकार शिकवणारे वयस्क सर आमच्या वर्गात येऊन बसायचे. एकीला गाईड मोठ्यानं वाचायला लावायचे आणि स्वतः मोबाईल बघायचे. मधेच मान वर करून म्हणायचे, "हे महत्त्वाचं आहे, खूण करा." वर्ष संपेपर्यंत माझ्या गाईडमध्ये खूण नसलेली ओळ शोधावी लागली असती.

मग विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. फरशा धुतल्या, खिडक्यांना पडदे लागले, आणि उत्तरं कोणी द्यायची तेही ठरलं. समितीतल्या एका गृहस्थांनी मात्र ठरलेल्या मुलाला सोडून माझ्या मैत्रिणीकडे बोट केलं. होल्डिंग कंपनीचे हिशेब तुम्हाला कोण शिकवतं, असं विचारलं.

ती उभी राहिली. "सर, दिवाळीपासून कोणी शिकवून नाही राहिलं. आम्ही गाईड वाचतो."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ते गृहस्थ हसले, मुलगी स्पष्ट बोलते म्हणाले, आणि मंडळी जेवायला गेली. नंतर अहवालात आमच्या कॉलेजचं कौतुक आलं: इथं विद्यार्थ्यांना मोकळेपणानं बोलण्याचं वातावरण आहे. इतकं खरं बोलून इतकं खोटं कौतुक मिळालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

शिक्षक मात्र आला नाही. मग तीच फळ्यासमोर उभी राहू लागली. रात्री मोबाईलवर व्हिडिओ पाहायचे, ग्रंथालयातलं जुनं पुस्तक उघडायचं, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात आम्हाला गणित सोडवून दाखवायचं. अडली की सगळे मिळून अडायचो. सहकाराचे सर दारातून डोकावून, वर्ग चालू आहे हे पाहून समाधानानं परत जायचे. तिसरं वर्ष असं गेलं, चौथंही असंच. आम्ही पास झालो. ती विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आली.

आठवड्याभरात फाटकावर तिचा मोठा फ्लेक्स लागला. वर प्राचार्यांचा फोटो, त्यांच्याखाली तिचा, आणि मधे 'आमच्या जलद अध्यापन पद्धतीचे यश'. ती फ्लेक्ससमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मला घेऊन सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेली. फोटो काढा, म्हणाली.

"अगं, तुझंच कौतुक आहे," ते म्हणाले.

"माझं असतं तर माझ्या गावात लावलं असतं, सर. हे तुमचं हाय. माझा फोटो कायले पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बदलला. आता त्यावर प्राचार्य एकटेच होते, आणि खरं सांगायचं तर तो जास्त प्रामाणिक होता.

मैत्रीण आता नागपूरला एका ऑडिट ऑफिसात आहे. मुलाखतीत तिला विचारलं होतं, चार वर्षांत एम.कॉम. म्हणजे काय काय राहून गेलं? तिनं ते विषय सांगितले आणि नंतर ते कशी शिकली हेही सांगितलं. तिला घेतलं. मी लाखांदूरला दोन वर्षं तासिकांवर शिकवलं. यंदा जुन्या कॉलेजातून प्राचार्यांचा स्वतःचा फोन आला. जलद मार्गाला अकाउंटिंगसाठी माणूस नाही, घरचंच काम आहे, या, म्हणाले. नेमणूक कधीपर्यंत, असं विचारलं, तर म्हणाले, बघू.

मी गेले. त्यांच्यासाठी नव्हे, तिथं बसलेल्या मुलांनी फी भरली होती, त्यांच्यासाठी. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही दिवाळीनंतर राहान का?"

"माहीत नाही," मी म्हटलं, "पण तोवर होल्डिंग कंपनी पुरी करू," आणि खडू घेतला.