विलायतेला गेलेलं नाव

मागच्या महिन्यात लंडनच्या एका टीव्ही वाहिनीकडून मला फोनवर मेसेज आला. जुन्या ओळखीवर कोणीतरी माझा नंबर काढला होता. इकडे माणूस पाठवणं आता जमत नाही, तेव्हा कपाशीच्या शेतात जाऊन तुम्हीच चित्रण कराल का, बायकांशी बोलाल का, आणि इंग्रजी करून संध्याकाळपर्यंत पाठवाल का, असं त्यात होतं. नात वाचून खूश झाली. "आजी, तू आता आख्खी वाहिनी!" मी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, आणि आख्खी वाहिनी होण्याची हौस माझी एका शनिवारी दुपारी फिटली आहे. मी "नाही" असं कळवलं. नात रुसली. तिच्यासाठी हे लिहिते.

तेव्हा मी पन्नाशीची होते. घाटंजीत राहायची आणि जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. कपाशीचे फार वाईट दिवस होते. अळी कशालाच बधत नव्हती. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. एका औषधाने भागेना म्हणून मालक लोक दोन-दोन औषधं एका ड्रममध्ये कालवून फवारायला लावायचे, आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं वावरातच कोसळायची. हे बघायला लंडनच्या एका वाहिनीचे लोक आले. तालुक्यात इंग्रजी बोलणारी बाई कोण, तर कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. झालं! मी शाळेतसुद्धा कडक इस्त्रीची साडी नेसू लागले. नवऱ्याने विचारलं, "काहून वं, कलेक्टर झाली काय?"

पहिल्या वर्षी चौघं आले. एक कॅमेऱ्याचा, एक आवाजाचा, एक प्रश्न विचारणारी आणि एक उंच म्हातारा. ह्या म्हाताऱ्याचं काम मला तेव्हा कळलंच नाही. तो प्रत्येकाला नुसतं विचारायचा, तुमचं नाव आलं तर चालेल का, तोंड दिसलं तर चालेल का, उद्या तुम्हाला कोणी त्रास देईल का. संध्याकाळी बाकीच्या तिघांशी वाद घालून दोन-चार वाक्यं काढून टाकायला लावायचा. मला वाटे, एवढ्या लांबून तिकीट काढून हे विरजण कशाला आणतात? दुसऱ्या वर्षी दोघंच आले, म्हातारा नव्हता. तिसऱ्या वर्षी एकटी एक पोरगी आली. मी मनात म्हटलं, बघा, आता आपल्या एकटीच्या भरवशावर पाठवायला लागले. असं डोकं होतं माझं.

त्या वर्षी बोलायला तयार झालेली बाई आमच्याच शाळेत खिचडी शिजवायची. तिचा नवरा गावच्या सर्वांत मोठ्या मालकाच्या कपाशीत फवारताना पडला होता. यवतमाळच्या दवाखान्यातून जीव घेऊन परत आला, पण दोन्ही डोळ्यांसमोर धुकं. मालकाने गावभर सांगितलं की तो दारू पिऊन फवारत होता. तो माळकरी नव्हता, पण दारूला त्याने कधी हात लावला नव्हता. बाईला तेच खुपत होतं. आता अडचण अशी की शाळा समितीचा अध्यक्ष तोच मालक. खिचडीची चूल त्याच्या एका शब्दावर होती, आणि नवरा घरी बसल्यापासून त्या चुलीवर तिचं घर होतं.

ती म्हणाली, "मॅडम, मी सांगतो सारं. पन माहं तोंड नाही दाखवायचं, नाव नाही सांगायचं, गाव नाही सांगायचं."

"माझी जबाबदारी," मी म्हटलं. छातीवर हातसुद्धा ठेवला असेल. तेव्हाच्या मला हात ठेवायला छातीपेक्षा सोयीची जागा माहीत नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही गावाबाहेर एका बाभळीखाली बसलो. बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून. पोरीने कॅमेरा लावला, तारा जोडल्या, कानाला आवाज ऐकायचं डबडं लावलं आणि वहीही तिनेच उघडली. आधी तिने मला विचारलं, ह्या कोण? ह्यांचे पती कोण? मी बाईला विचारलं. ती पदराआड हसली. नवऱ्याचं नाव ती तोंडाने कशी घेणार? "तुमीच सांगा न, मॅडम." आणि मी सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं हजेरी घेतलेली जीभ माझी. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, आणि वर "आमच्या शाळेत स्वयंपाक करतात" हे शेपूट. तेही कॅमेरा चालू असताना, अगदी ठणठणीत इंग्रजीत. पुढेही जिथे जिथे त्याचा विषय आला तिथे मी पूर्ण नाव घेतलं, कारण आजारी माणसाचा उल्लेख मानाने करावा असं आम्हाला घरी शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर माझा तो आवाज मला फार आवडत होता.

नंतर पोरगी माझ्या घरी आली. एका हाताने भाकर खात होती, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर कापाकापी. डोळे लाल. सांगत होती की तिच्या कचेरीत माणसं कमी करून राहिले, जुने जाणते लोक घरी बसवले, कापण्या-जोडण्याचं काम दुसऱ्या गावातल्या कोणत्या कंपनीला दिलं. आता आधी छोटा तुकडा इंटरनेटवर जातो आणि मग टीव्हीवर. "पूर्वी चौघं करायचे ते मी एकटी करते," ती म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी मीही नसेन." मी तिला आणखी पिठलं वाढलं. दीडच्या सुमाराला तिने बाजारातल्या सायबर कॅफेतून सगळं पाठवलं आणि नागपूरची गाडी धरली. जाताना सांगून गेली, आज तिकडे दुपारी एकला दाखवतील, म्हणजे इकडे साडेपाच. मी तीन बहिणींना आणि एका विहिणीला फोन करून ती वेळ कळवली.

तीन वाजता दारात खिचडीवाली. चालत आली होती. "मॅडम, गावात पुसून राह्यले, गोरी कोनासंगं बोलली म्हनून. माहं नाव त नाही ना येत?"

"छे गं, नाही," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला. वर्गातला. ठणठणीत.

पोरीला मराठीचा गंध नव्हता, म्हणून ती बाईच्या बोलण्याच्या जागी माझंच इंग्रजी ठेवणार होती. तिनेच तसं सांगितलं होतं, आणि मी लाजून "इतकं काही छान नाही माझं" म्हटलं होतं.

मी चपला घातल्या. "चल."

"कुठं?"

"फोनवर. माझ्या तोंडून नाव गेलं, बाई."

ती चौकातल्या एसटीडीच्या खोलीपर्यंत माझ्या मागे मागे आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. सकाळी कॅमेऱ्याला दिसली तीच.

पोरीचा फोन लागेना, गाडी जंगलाच्या रस्त्याला. तिने कागदावर लिहून दिलेला लंडनचा नंबर लावला. एक यंत्र बोललं, हे दाबा, ते दाबा. दाबलं. गाणं वाजलं. तुटलं. परत लावलं. ह्या वेळी एक बाई म्हणाली की तो विभाग इथून हलला. तिने दिलेल्या नंबरावर एक माणूस म्हणाला, ते काम बघणारे गेल्या शुक्रवारीच नोकरी सोडून गेले. मग आता कोण बघतं? त्याला ठाऊक नव्हतं. आज शनिवार, तो म्हणाला. चार वाजून गेले होते. नाव आलं तर चालेल का, हे विचारायला ज्याला पगार द्यायचे त्या माणसाला ह्यांनी घरी बसवलं होतं, आणि त्याच्या जागी मी होते, छातीवर हात ठेवून.

बूथवाल्याने काचेवर टकटक केली. "मॅडम, विलायतेचं मीटर लय पयते बरं."

"पळू दे!"

पाचला पाच कमी असताना दुसऱ्याच कुठल्या शहरात एका पोराने फोन उचलला. त्याच्या यंत्रावर आमचा तुकडा होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला इथे तिसराच दिवस आहे, मी काही काढू शकत नाही, वरून लेखी यावं लागतं. मी म्हटलं, वर कोण आहे? तो म्हणाला, "आज कोणीच नाही."

तेव्हा माझं सगळं उसनं इंग्रजी गळून पडलं. मी सातवीच्या वर्गात ओरडते तशी ओरडले, "उभा राहा!" मराठीत. त्याला काय समजलं कोण जाणे, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मी हळू म्हटलं की बाळा, हे नाव बाहेर गेलं तर एका बाईची चूल बंद होईल. तो म्हणाला, सगळं काढता येणार नाही, पण आवाज बंद करता येईल. कुठे आहे ते सांगा. मी ऐकवतो.

आणि त्याने मला माझंच बोलणं ऐकवलं. बापरे! काय तो तोरा. "काइंडली नोट" ने सुरुवात. आवाज असा, जणू दिल्ली दरबारात कोणाला पेश करते आहे. मी घामाने चिंब, आणि फोनमधली ती बया तऱ्हेतऱ्हेने लांबवून एका गरिबाचं नाव सांगतेय. "इथे," मी म्हणायची, तो थांबवायचा. "इथे." एकदा, दोनदा, तीनदा. "अजून आहे?" त्याने विचारलं. चौथ्यांदाही होतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी तो म्हणाला, झालं. माझा श्वास सुटतो न सुटतो तोच म्हणाला, पण छोटा तुकडा तासाभरापूर्वीच इंटरनेटवर गेला आहे. ते आमचं खातं नाही. त्यांचा माणूस सोमवारी येईल.

मालकाचा मुलगा नागपूरला शिकत होता. दिवसभर कॉम्प्युटरपुढे.

बाहेर येऊन मी बाईला सांगायला तोंड उघडलं. तिला ते आधीच दिसलं असावं. "अर्धं थांबलं," मी म्हटलं. "अर्धं गेलं. सोमवारपर्यंत तसंच राहील."

"म्हंजे कयनार."

"कळेल."

तिने पदराने तोंड पुसलं. "तुमच्या तोंडानं जाऊन राह्यलं तं माह्याच तोंडानं जाऊ द्या. चला."

"कुठे?"

"भाऊकडं."

मी नको म्हटलं, थांबू म्हटलं, मुख्याध्यापकांना विचारू म्हटलं. ती गावाकडच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चढलीसुद्धा. दिवस बुडायच्या आत आम्ही मालकाच्या अंगणात होतो. चार माणसं खुर्च्या टाकून चहा पीत होती. ती उभ्यानेच बोलली. दोन औषधं एकत्र करायला कोणी लावली, तोंडाला बांधायला फडकं मागितलं तेव्हा काय उत्तर मिळालं, वारा कुठून होता, सगळं. "आन् थो दारू पेला नोता, भाऊ. हे मी गोरीले सांगतलं. तुमाले दुसऱ्याकडून कयन्यापक्षा मीच सांगतो."

मालकाने कप खाली ठेवला. "कोनं शिकवलं हे?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं.

दिवसभर लंडन दणाणून सोडणारी मी "नमस्कार" म्हणाले.

"सोमवारपासून शाळेत यायचं काम नाही तुले," तो तिला म्हणाला. शांतपणे. ती वळली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. रविवारभर बहिणींचे फोन येत होते, दिसलं का गं, ऐकलं का गं.

सोमवारी खिचडीच्या खोलीत दुसरी बाई बसली होती. सातवीतल्या एका मुलीची आई. तिने तांदूळ निवडले, धुतले, आणि चुलीपुढे बसून राहिली. मुख्याध्यापक दोनदा डोकावले. "अहो, पेटवा ना."

"पेटवतो," ती म्हणायची आणि हलायची नाही. मी गेले तेव्हा हळूच म्हणाली, "माहा घरवालाबी फवारतो, मॅडम."

साडेअकराला पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. आधी दोन-चार, मग सगळ्यांनी. मुख्याध्यापक मला म्हणाले, मॅडम, तुमच्या इंग्रजीपायी माझी नोकरी जाते आता. मालक मोटारसायकलवर आला. ताटांचा तो आवाज त्याने फाटकातच ऐकला. खोलीत बघितलं, थंड चूल बघितली, बसलेली बाई बघितली. "बोलवा मंग तिले," तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

ती आली. हात पुसत आली, घरी भांडी घासत असावी. चुलीपाशी गेली नाही. दारातच थांबली.

"पेटव," मालक म्हणाला. "लेकरं उपाशी हायेत."

"भाऊ, थो पेला होता काय?"

"लेकरं उपाशी हायेत म्हन्लं न!"

"माह्या घरीबी हायेत. थो पेला होता काय?"

ताटं थांबली होती. तिच्या पाठीमागे पोरं, माझ्या शेजारी मुख्याध्यापक पांढरेफटक. मालक गाडीच्या किल्लीशी खेळत होता. मला वाटलं आता तो निघून जाईल, आणि गेला असता तर पुढे काय, ते मी आजही डोक्यात आणू देत नाही.

"नोता," तो म्हणाला. जेमतेम ऐकू येईल इतकं.

"पोरांले ऐकू नाही आलं."

"नोता पेला, बाप्पा! आता पेटव!"

तिने काडी ओढली. तांदूळ वैरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, हे आता कोनाले इंग्रजीत सांगू नका."