एक जूनचे दोघे

काशिनाथचा खरा वाढदिवस कुणालाच ठाऊक नाही. आई सांगायची, लावणी चालली होती, चिखलातून तशीच वर आले नि शेतावरच्या मांगरात बाळंत झाले. म्हणजे आषाढ असावा. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आईनं नुसतं तोंडाकडे बघितलं, नि गुरुजींनी लिहून टाकली, एक जून. त्याच दिवशी बंडूचंही नाव घातलं. बंडू शिमग्यातला, काशिनाथपेक्षा चांगला दीड वर्षानं मोठा, पण गुरुजींनी त्यालाही एक जून दिली आणि सालही तेच दिलं. त्या वर्षी पटावर आलेली सगळी पोरं गुरुजींच्या लेखी एकाच दिवशी जन्मली. गावात त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते कुवेतला, पन्नास वर्षांनी.

कुवेतमधल्या मंगफला एका खोलीत हे दोघे बावीस वर्षं राहत होते. कंपनी एकच. काशिनाथ सुतार, बंडू लादी बसवणारा. एक जूनला दोघं मिळून गोडाचा शिरा करायचे आणि खोटा वाढदिवस खऱ्यासारखा साजरा करायचे.

गेल्या वर्षापासून काशिनाथच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं. मग माणसं दुधात बुडवून काढल्यासारखी दिसू लागली. डावाही त्याच वाटेनं निघाला होता. सुताराचा डोळा गेला तर राहिलं काय? त्यानं कुणाला सांगितलं नाही. मोजायच्या लाकडी पट्टीवर इंचाइंचाला करवतीनं बारीक खाचा पाडल्या आणि नखानं चाचपून माप घ्यायला लागला. तरी मागच्या महिन्यात एका कपाटाचं दार बोटभर तिरकं गेलं. फोरमन नुसता उभा राहून त्या दाराकडे बघत राहिला. 

सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी नाव घातलं त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा कुठे तारीख मिळाली होती. रविवार, सकाळी सात. बंडूला त्यानं एवढंच सांगितलं, "कचरा गेलाय डोळ्यात, तो काढणार आहेत."

"कचरा काढायला आठ महिने?" बंडू म्हणाला.

"सरकारी काम ते."

आता झालं असं की त्याचा अकामा, म्हणजे त्या देशात राहायचा परवाना, नेमका आदल्या गुरुवारी संपत होता. अकामा नवा झाला नाही तर बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र, चालत नाही, बताका चालत नाही तर दवाखान्याच्या खिडकीतूनच परत पाठवतात. पुन्हा आठ महिने. तोवर फोरमन थांबणार नव्हता आणि डोळाही थांबणार नव्हता. आणि अकामा नवा व्हायचा तर आधी आरोग्य विमा भरायला हवा. बाकीचे कागद कंपनी करायची, विमा मात्र ज्याचा त्यानं फोनवरून भरावा, अशी त्या कंपनीची रीत.

काशिनाथच्या फोनची काच फुटलेली. बुधवारी संध्याकाळी बंडू स्वयंपाकाच्या पाळीवर होता, त्याचा फोन गादीवर पडलेला. मोठा, चकचकीत. खोलीतल्या सगळ्यांचे कागद त्या फोनवरूनच व्हायचे, म्हणजे बंडूच करायचा. पण बंडूला बोलवायचं म्हणजे, "का रे, तुला दिसत नाही का?" हे ऐकून घ्यायचं. काशिनाथनं स्वतःच विम्याचं पान उघडलं. पैशाच्या कार्डाचे आकडे त्यानं दुपारी उन्हात बसून कागदावर बोटभर मोठे लिहून ठेवले होते. बताक्याच्या नंबराची सुरुवात तर त्याला पाठच होती, कारण तिथं नंबरातच जन्मतारीख असते. दोन, मग साल, मग शून्य सहा, शून्य एक. एवढं टाकलं आणि पुढचे पाच आकडे बघायला तो बताका डोळ्याशी नेतोय, तोच फोननं खाली अख्खा नंबर आपणहून काढून दाखवला.

काशिनाथला बरं वाटलं. म्हणाला, बघा, फोनलासुद्धा आपण पाठ आहोत! त्यानं दाबलं. पैसे गेले, हिरवी खूण आली. हिरवं त्याला अजून दिसत होतं. पावती त्यानं आपल्या फोनवर पाठवून ठेवली.

जेवताना तो दोन घास जास्त जेवला.

गुरुवारी सकाळी दहाला मुनव्वरचा फोन आला. मुनव्वर दाभोळकडचा, कंपनीत मंदूबाचं काम करायचा, म्हणजे सगळ्यांचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. "काशीमामा, विमा भरला नाय तुम्ही?"

"भरला की! काल भरला. पावती आहे."

"कॉम्प्युटर सांगतोय नाय भरला. तुम्ही पावती घेऊन या पटकन. आज गुरुवार आहे, मामा, उद्या-परवा सुट्टी. दोनपर्यंत फाइल नाय गेली तर मग रविवारीच."

कंपनीची कचेरी अबू हलीफाला. बसची वाट बघण्यात अर्धा तास गेला, आली ती भरलेली. मुनव्वरनं काशिनाथच्या फोनवरची पावती बघितली. आधी कपाळाला आठी पडली, मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. काशिनाथ त्याच्या तोंडाकडे बघत होता, पण त्याला दिसत होता तो धुक्यातला एक गोल.

"मामा, पैसे गेले. पण तुमच्या नावावर नाय गेले. हा नंबर बंडूमामाचा आहे."

"बंडूचा कसा असेल? सुरुवात माझी आहे."

"सुरुवात दोघांची एकच आहे. तुमची दोघांची जन्मतारीख एकच ना? पुढचे आकडे वेगळे. बंडूमामाच्या फोनवरून भरलात काय?"

काशिनाथ मटकन खुर्चीत बसला. गुरुजी आठवले, त्यांची ती शाईची दौत आठवली. एवढी तारीख मागायची नि आपल्या मनानं द्यायची, काय अडलं होतं त्यांचं?

"मग ते पैसे माझ्या नावावर फिरव."

"तसं होत नाय. अर्ज करायचा, परत मिळाले तर मिळाले, महिना दोन महिने."

"बरं, मग बंडूला उपयोगी पडतील. त्याचा अकामा कधी संपतो? त्याच्या वेळी तो माझे..."

मुनव्वर टेबलावरच्या फायली उगाच सारख्या करू लागला. मग हळूच म्हणाला, "बंडूमामानं मला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांनी कामाचा राजीनामा दिलाय. या महिनाअखेर त्यांचा अकामा रद्द व्हायचा आहे. कायमचे चाललेत गावाला. तुमच्या ऑपरेशननंतर सांगणार होते."

म्हणजे विमा गेला तोही चाललेल्या माणसाच्या नावावर. काशिनाथच्या कार्डात आता पुन्हा भरण्याएवढं नव्हतं, पगार पुढच्या आठवड्यात. पण तेवढ्या वेळी त्याला पैशाचं सुचलं नाही. बंडू चाललाय, एवढंच कानात वाजत राहिलं. ज्याला डोळ्याचं सांगितलं नाही म्हणून आपण मनात चोरी धरून होतो, तोही आपल्यापासून लपवून बसला होता.

"मामा, पावणेबारा झाले," मुनव्वर म्हणाला. "मी फाइल तयार ठेवतो. विमा दिसला की क्षणात पाठवतो. कुठूनतरी भरा."

बंडू मंगफला समुद्राच्या बाजूच्या एका नव्या इमारतीत लादी बसवत होता. बस दिसेना, म्हणून काशिनाथ चालत निघाला. मे महिन्याचं ते ऊन, त्यात डोळ्यात मोतीबिंदू. उन्हात तर समोरचा रस्ता नुसता पांढरा व्हायचा. मोठ्या रस्त्यावर गाड्या दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. दोनदा पाऊल पुढे टाकलं नि दोनदा भोंग्यानं मागे घेतलं. शेवटी शेजारी एक म्हातारा येऊन उभा राहिला, कोणत्या देशाचा कोण जाणे. काशिनाथनं त्याची बाही धरली. म्हाताऱ्यानं बघितलं, काही विचारलं नाही, पलीकडे नेऊन सोडलं. काशिनाथला रडू आलं ते तिथं. अठ्ठावन्न वर्षांच्या, चार मजली घरांची दारं घडवलेल्या माणसाला रस्ता ओलांडायला बाही लागावी!

बंडू तिसऱ्या मजल्यावर गुडघे टेकून बसला होता, हातात रबरी हातोडी.

"काय रे, आज दांडी?"

"चाललास तू." काशिनाथ दारातूनच म्हणाला.

हातोडी थांबली. "त्या मुनव्वरच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"बावीस वर्षं, बंड्या! परक्या माणसाकडून कळावं मला?"

"गुडघे संपले माझे. हे बघ, उठताना भिंत लागते. तुझं एकदाचं ऑपरेशन झालं की सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू ऑपरेशनलाच गेला नसतास, मला सोडायला विमानतळावर बसला असतास."

"कचरा काढायचं ऑपरेशन ते."

"हो ना. कचरा." बंडूनं हातोडी खाली ठेवली. "अरे मेल्या, सहा महिने झाले, तुझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे कोण काढतंय? मी वाढतो तेव्हा पाठ तुझ्याकडे का असते, विचारलंस कधी? तुला वाटत असेल कुवेतच्या बांगड्याला काटेच नसतात."

 खरंच, काशिनाथला तसंच वाटलं होतं. बंडूच्या पाळीला मासळी किती मऊ होते, असं त्यानं बायकोला, गंगूबाईला, फोनवर कौतुकानं सांगितलंही होतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. फोन, नंबर, हिरवी खूण, दोन वाजता बंद होणारी कचेरी. सांगताना मान खाली होती. बंडूनं ऐकलं, आणि आधी हसलाच. गुडघ्यावर हात मारून हसला.

"माझा विमा भरलास? आता एवढा भरलाच आहेस तर पंधरा दिवसांत एकदा तरी आजारी पडायला हवं मला."

"हसू नकोस. एक वाजत आला. रविवार गेला तर मी आंधळा होऊन गावाला येईन, मग तिथं काढ काटे."

बंडूचं हसू थांबलं. त्यानं खिशातून कार्ड काढलं, क्षणभर हातात धरून ठेवलं. "जाड ब्लँकेट सांगितलंय बायकोनं. वाघाचं चित्र असलेलं. शेजारणीकडे आहे म्हणे. त्याचेच पैसे हे."

"मग राहू दे."

"गप. वाघ काय पळून जातो? तुझा बताका दे. आणि आज नंबर तू सांगायचास. कालसारखा घोटाळा झाला तर तिसरा विमा गुरुजींच्या नावानं भरावा लागेल."

काशिनाथनं बताका डोळ्याला जवळजवळ चिकटवला. पुसट मुंग्या दिसल्या. बंडूनं एक कोरी पांढरी लादी उचलली, खुणेच्या काळ्या पेनानं बताका बघून एकेक आकडा वीतभर मोठा काढला, आणि लादी खिडकीला टेकवून उभी केली.

"हं. वाच."

काशिनाथ वाचत गेला, बंडू दाबत गेला. फोननं खाली परत बंडूचा नंबर काढून दाखवला. बंडू त्याच्यावर खेकसला, "तू मध्ये बोलू नकोस!" शेवटचा आकडा आला, पानावर चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं, नि मग पान गेलं. तिसऱ्या मजल्यावर नेट धरत नव्हतं.

दीड वाजला होता. बंडू भिंत धरून उठला. लिफ्ट अजून बसली नव्हती. एकाचे गुडघे, दुसऱ्याचे डोळे. काशिनाथनं बंडूला काखेत धरलं, बंडू "पायरी... पायरी... वळण," असं सांगत राहिला, असे ते तीन मजले उतरले. काशिनाथच्या दुसऱ्या हातात लादी होती. खाली सावलीत लादी परत भिंतीला लावली, आकडे परत वाचले. हिरवी खूण आली, तेव्हा काशिनाथचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यानं बंडूला विचारलं, "कुणाचं नाव आहे?"

"तुझं रे बाबा. काशिनाथ. अख्खं."

मुनव्वरला फोन केला तेव्हा दोनला बारा मिनिटं कमी होती. तो नुसतं "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. दोघं वाळूच्या ढिगावर बसले. दोन वाजून गेले. सव्वादोन झाले. काशिनाथनं डोळे मिटून घेतले होते, उघडे ठेवून तरी काय दिसायचं होतं? अडीचला निरोप आला. बंडूनं मोठ्यानं वाचला, "अकामा झाला, मामा. एक वर्ष."

काशिनाथ लादी मांडीवर घेऊन बसून राहिला.

रविवारी ऑपरेशन झालं. सोमवारी पट्टी काढली तेव्हा समोर बंडू उभा होता. काशिनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. केस सगळे पांढरे झालेले, गाल बसलेले, एका बाजूला झुकून उभा. हा माणूस म्हातारा कधी झाला? वर्षभर रोज बघत होतो म्हणत होतो, नि बघितलं नव्हतंच.

"काय बघतोस? ओळख पटली का?"

"तू जा रे गावाला," काशिनाथ म्हणाला. "खरंच जा."

महिनाअखेर बंडू गेला, वाघाशिवाय. आदल्या दिवशी दुपारी त्यानं शेवटची पाळी केली. बांगड्याचं कालवण. ताट वाढताना या वेळी पाठ केली नाही, समोर बसून अख्खा बांगडा काट्यासकट काशिनाथच्या ताटात टाकला.

"घे. आता तुझे तू काढ."

काशिनाथ एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत होता. सगळे दिसत होते. त्याला जेवायला त्या दिवशी फार वेळ लागला.