मूठबाई

पावसाळ्यानंतर पेवाचे तोंड उघडले की तळाच्या ज्वारीचा ओलसर, कोंदट वास वर येतो. त्या वासात स्पिरिटची बारीक धार मिसळली की मला मूठबाई आठवतात. अकोल्याच्या जनाना दवाखान्यात त्या नर्स होत्या. अर्गटची तपकिरी बाटली त्या सदैव हाताशी ठेवत. तिचा वास त्यांच्या पदरात मुरला होता. मूल झाल्यावर बाळंतिणीचे रक्त थांबावे म्हणून ते औषध देत.

त्यांचे खरे नाव हजेरीपुरतेच होते. बाळंतिणीचा हात उचलून त्या तिच्याच पोटावर ठेवत आणि तिच्या डोळ्यांसमोर आपली मूठ सावकाश मिटून दाखवत. "पिशवी अशी वळली पायजे, माय. ढिली राहिली तं रगत थांबत नाही." बायकांनी मग त्यांचे नावच मूठबाई ठेवले.

जठारपेठेपलीकडे त्यांच्या माहेरचा भाज्यांचा मळा होता. लहानपणी बांधावरच्या ज्वारीच्या कणसांना धरलेली काळी काणी खाऊन त्या दात काळे करून घेत. अर्गट हीदेखील परमुलखातल्या एका धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी, हे कळल्यावर त्या हसून म्हणाल्या होत्या, "मंजे गोऱ्याइची काणीच म्हना की."

हे ऐकून माझ्या ताईच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या सासूबाई अडून बसल्या. "नासक्या दान्याचं पानी माह्या सुनेले कावून पाजता?"

"दूध नासल्याबिगर दही होते का, आजी?" मूठबाई म्हणाल्या. मात्र चमच्यात थेंब मोजताना त्यांचा श्वाससुद्धा थांबे. "हेच दाने भाकरीत गेले तं हातापायाची बोटं झडतात. मापानं पाजले तं बाई पोरगं घेऊन घरी जाते." ताईने तोंड वेडेवाकडे करून ते औषध घेतले आणि दहाव्या दिवशी मूल घेऊन ती घरी आली.

पुढे लढाई पेटली, आगबोटी अडल्या. परदेशातून येणारे अर्गट मिळेनासे झाले. कपाटात उरलेली जुनी बाटलीच पुरवून वापरावी लागली. हे औषध जुने झाले की त्याचा जोर ओसरतो, वास तेवढा राहतो. ताईचे दुसरे बाळंतपण नेमके तेव्हा आले. भर दुपार होती, भिजवलेल्या वाळ्याच्या तट्ट्यांतून गार सुगंध येत होता आणि खाटेखाली रक्त ठिबकत होते. मूठबाईंनी दोनदा औषध पाजले. पिशवी वळेना, तेव्हा त्या दोन्ही हातांनी ती दाबून धरून बसल्या. ताई गेली तरी त्यांनी हात काढले नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ते हलकेच सोडवले.

"बाटली हुंगून पायली होती मी," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "वास तं तोच होता वो."

त्यानंतर त्यांनी कोणापुढेही मूठ मिटून दाखवली नाही. नाव मात्र राहिले. पुढे संधिवाताने बोटे अशी वाकडी झाली की दाखवू म्हटले तरी ती मिटली नसती.

लढाई संपल्यावर माझ्या बाळंतपणाची वेळ आली. आईने त्यांनाच बोलावले. आता त्याच बुरशीतून काढलेले नेमके सत्त्व काचेच्या इवल्याशा कुपीत येत असे. पाण्यासारखे स्वच्छ, सुईने टोचायचे. सवयीने त्यांनी फोडलेली कुपी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"याले तं वासच नाही."

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. बडनेऱ्याच्या फलाटावर कोणीतरी मला ते सांगितले, तेव्हा मूल माझ्या कडेवर होते. आधी आठवला तो त्यांचा त्या दिवशीचा हात. सुई टोचून झाल्यावर त्यांनी माझा तळवा माझ्या पोटावर ठेवला आणि त्यावर आपला वाकडा हात. किती वेळ गेला कोण जाणे. मग आमच्या दोघींच्या हातांखाली काहीतरी हळूहळू गोळा होत, आवळत, कठीण होत गेले. डोळे मिटून त्या अगदी हळू म्हणाल्या, "वळली."