पहिलं पाणी

माझी मावशी एकतीस वर्षं चर्चच्या वेदीचे कपडे धूत होती, तेही फुकट. पोटासाठी ती शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. धुण्याचं काम मात्र देवाचं. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ज्या कापडावर पवित्र भाकर ठेवतात, त्यावर बारीक कण राहतात, आणि कण म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. म्हणून त्या कापडाचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत घालायचं. एका म्हाताऱ्या फादरांनी तिला हे शिकवलं होतं. घराच्या पायरीशी तिचा गुलाब होता, पाणी त्यालाच मिळायचं. "तुझा गुलाब माझ्यापेक्षा जास्त वेळा कम्युनियनची भाकर घेतो," असं मी चिडवलं की पाठीत धपाटा बसायचा.

मग ती जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. चार महिने खाटेवर होती. चर्चमधून कोण आलं? देखभाल करणारा आला, एकदाच. दारातूनच म्हणाला, "मावशी, धुतलेले कपडे असतील तर द्या. रविवारी लागतील." फादर नवे होते, त्यांच्यामागे तीन हजार माणसं होती. हे समर्थन मावशीचं, माझं नाही.

आली ती शेजारची पार्लरवाली. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तिच्या वेगळ्या पंथाच्या मंडळींची प्रार्थना चालायची. तिने मावशीचे केस धुतले, नखं कापली, नाक न मुरडता शौचाचं भांडंसुद्धा उचललं. हात धरून प्रार्थना केली, तीही मावशीचं नाव घेऊन. मावशी ढसाढसा रडली. "एवढ्या वर्षांत माझं नाव घेऊन देवाकडे कुणी काही मागितलं नव्हतं गं," म्हणाली.

काठी धरून चालू लागल्यावर ती हॉलमध्येच जायला लागली. पोचवायला मी असायचे. त्यांनी मूर्तिपूजा नको म्हणून मरियेची तसबीर उतरवायला सांगितली, तर तिने ती उतरवून कपाटात चादरींखाली ठेवली. मला राग आला, पण कुठल्या तोंडाने बोलणार? भांडं मीही उचललं नव्हतं.

पण हॉलच्या पास्टरना चमत्कार हवा होता. एका रविवारी त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि काठी काढून घेतली. "चला मावशी, विश्वासाने!" टाळ्या, हालेलुया. तीन पावलं चालून मावशी कोसळली. पुढच्या बाईने सावरलं म्हणून हाड वाचलं. पास्टर माइकवरून म्हणाले, "मनात कुठेतरी शंका असणार." मोडलं हाड, आणि दोष मनाचा!

तेही तिने गिळलं असतं. पण त्याच दिवशी त्यांचं भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन होतं. ते आटोपल्यावर पार्लरवाली उरलेला द्राक्षरस बेसिनमध्ये ओतायला लागली. मावशीने तिचा हात धरला.

"अगं, हे मोरीत?"

"मावशी, हे फक्त आठवणीसाठी असतं. साधं सरबत आहे," ती प्रेमाने म्हणाली.

घरी आल्या आल्या मावशीने तसबीर परत टांगली. "माणसं सोन्यासारखी आहेत," म्हणाली, "पण माझा देव तिथे नाही."

पुढच्या रविवारी आम्ही चर्चला गेलो. फादर रागावणार म्हणून रस्ताभर ती कबुलीची वाक्यं घोकत होती. फादरांना ती चर्च सोडून गेली होती हेच माहीत नव्हतं. "बऱ्या आहात ना?" ते हसून म्हणाले. "कपड्यांची काळजी सोडा आता. मशीन घेतलंय." गरज सरो, वैद्य मरो.

"आणि पहिलं पाणी?" मावशीने विचारलं.

फादरांनी देखभाल करणाऱ्याकडे पाहिलं. "पाइप आहे ना," तो म्हणाला, "सरळ गटारात जातं." फादर "बघू हं" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. हॉलवाल्यांनी ओतलं ते सरबत तरी होतं. यांचा तर तो देव होता.

घरी आल्यावर मावशीने गणवेशांचा गठ्ठा पुढे ओढला आणि सुईत दोरा ओवला. रविवारी सुईला हात न लावणारी बाई!

"मावशी, आज रविवार आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी सुट्टी घ्यायचे, त्याला गटारात सोडलंय त्यांनी." आणि तिने बटण लावायला घेतलं.